पालथा घडा: शिकविणाऱ्याच्या निराशेविषयी काही विचार

शिकविण्याचे काम ज्याने पत्करले त्यास, मग तो जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी असो, शब्बाथ शाळा चालविणारी एखादी भगिनी असो, की दिवसभर कष्ट करून आलेल्या प्रौढांस संध्याकाळी अक्षरओळख करून देणारा उपदेशक असो, एका दुःखाची ओळख झाल्यावाचून राहत नाही. धडा मन लावून तयार केलेला असतो, सांगण्यासारखे पुष्कळ असते. परंतु समोर बसलेल्यांच्या मुखावर काहीच उमटत नाही. एक जण दाराबाहेर बांधलेल्या शेळीकडे पाहत असतो, दुसरा जांभई देतो, तिसरा होय होय म्हणतो आणि विचारले असता त्यास पहिले वाक्यही सांगता येत नाही. काल जे घोटून घेतले ते आज पुसून गेलेले असते. असे चार दिवस, चार महिने, चार वर्षे चालले म्हणजे शिकविणाऱ्याच्या तोंडून एके दिवशी ती म्हण निघते: पालथ्या घड्यावर पाणी!

ही म्हण आपण इतक्या सहज उच्चारतो की तीत एक निवाडा दडलेला आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. घडा पालथा आहे, म्हणजे दोष घड्याचा. ओतणाऱ्याने आपले काम केले, म्हणजे तो निर्दोष. आणि पाणी वाहून गेले, म्हणजे पुढे ओतण्यात अर्थ नाही. तीन शब्दांत आरोप, निकाल आणि शिक्षा अशी तिन्ही कामे उरकतात. हा निवाडा न्यायाचा आहे काय? शिष्याचे अवधान हे शिक्षकाचे हक्काचे येणे आहे काय, की ते न मिळाल्यास त्याने आपणावर अन्याय झाला असे समजावे? आणि तसे ते येणे नसेल, तर शिकविणाऱ्याच्या मनास जी वेदना होते ती केवळ अहंकाराचीच मानावी काय? ह्या प्रश्नांचा शांतपणे विचार करावा म्हणून हा लेख आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ही वेदना खोटी नव्हे, आणि तिची थट्टा करणे योग्य नव्हे. सुताराने पाट केला की पाट झाला. मग त्यावर कोणी बसो अगर न बसो. कुंभाराने मडके भाजले की त्याचे काम त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते. शिकविण्याचे काम मात्र दुसऱ्याच्या मनात पुरे व्हावयाचे असते. कोणी शिकलेच नाही, तर आपण शिकविले असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्या शिक्षकास ह्याविषयी काहीच वाटत नाही, जो हजेरी मांडतो, तास भरतो आणि महिनाअखेरीस पगार घेऊन स्वस्थ झोपतो, त्याच्याहून जो दुःखी होतो तो शतपटीने बरा.

परंतु ह्या एका वेदनेत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या निवडून काढिल्या पाहिजेत. जसे सुपात धरून धान्यातील खडे निवडावे लागतात. एक दुःख मुलाकरिता असते: हा शिकला नाही तर सावकाराच्या चिठ्ठीवर अंगठा उमटवील, औषधाच्या बाटलीवरील सूचना त्यास वाचता येणार नाही, बाजारात कोणीही त्यास फसवील. दुसरे दुःख स्वतःकरिता असते: मी इतके केले आणि ह्यांस त्याची किंमत नाही. पहिल्यास कळवळा म्हणतात. दुसऱ्यास दुखावलेला मान म्हणतात. दोन्ही एकाच छातीत राहतात आणि एकाच आवाजात बोलतात, म्हणून त्यांची ओळख पटणे कठीण जाते.

तरी ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. जो मुलगा आपल्यापाशी सहा महिने मठ्ठ बसला, तोच जर शेजारच्या गावी दुसऱ्या गुरुजींकडे जाऊन पंधरा दिवसांत वाचू लागला, तर ती वार्ता ऐकून आपले मन कसे होते? आनंद झाला, तर आपले दुःख मुलाकरिता होते. मनात कोठेतरी बोचले, तर त्या दुःखात आपला स्वतःचा वाटा पुष्कळ होता. ही कसोटी प्रत्येकाने एकांतात लावून पाहावी. तिचे उत्तर दुसऱ्या कोणास सांगण्याचे कारण नाही.

हे दुःख आजचे नव्हे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात देओग्राशियस नावाचा एक डीकन होता. हे शहर आजच्या ट्युनिस नगराच्या शेजारी होते. जे लोक नव्याने विश्वासाविषयी ऐकावयास येत, त्यांस पहिला धडा देण्याचे काम त्याजकडे असे. त्याची कीर्ती चांगली होती आणि लोक आपल्या परिचयाची माणसे मुद्दाम त्याच्यापाशी आणीत. परंतु तो स्वतः मनातून खचलेला होता. आपले बोलणे लांबते, निस्तेज होते, ऐकणाऱ्यास तर राहोच, आपणास स्वतःसही त्याचा कंटाळा येतो, अशी त्याची तक्रार होती; आणि ती त्याने हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन ह्यास कळविली. ऑगस्टीनाने त्यास उत्तर म्हणून इ. स. ४०० च्या सुमारास एक लहानसा ग्रंथ लिहिला. अगदी नवशिक्यांस शिकवावे कसे, हाच त्या ग्रंथाचा विषय आहे. आपल्यांतील प्रत्येक उपदेशकाने आणि गुरुजींनी त्याचा आशय समजून घ्यावा इतका तो व्यवहारी आहे.

ऑगस्टीन हा ह्या विषयात कोरा नव्हता. बिशप होण्यापूर्वी अनेक वर्षे त्याने वक्तृत्वशास्त्राचा शिक्षक म्हणून पोट भरिले होते. कार्थेज येथील विद्यार्थी दांडगाई करीत दुसऱ्यांच्या वर्गात शिरत आणि धिंगाणा घालीत. त्यास कंटाळून तो ३८३ साली रोम शहरी गेला. तो तेथील विद्यार्थी फी देण्याची वेळ आली की संगनमत करून दुसऱ्या शिक्षकाकडे निघून जात! म्हणजे उनाड शिष्य आणि लबाड शिष्य हे दोन्ही प्रकार त्याने भोगिले होते. अशा मनुष्याने देओग्राशियसास काय सांगावे? शिष्यांस शिस्त लाव, असे सांगून तो मोकळा झाला असता तर कोणास नवल वाटले नसते. पण त्याने बोट ठेविले ते शिकविणाऱ्याच्या मनावर. शिकविणारा आनंदाने शिकवील कसा, ही सर्वांत मोठी काळजी आहे असे त्याचे म्हणणे; कारण शिकविणारा जितका प्रसन्न, तितके त्याचे शब्द ऐकणाऱ्यास गोड लागतात, आणि शिकविणाऱ्याचा कंटाळा ऐकणाऱ्यास आधी कळतो.

मग हा कंटाळा येतो कोठून? ऑगस्टीनाने त्याची सहा कारणे मोजली आहेत. आपणास जे समजले ते ऐकणाऱ्याच्या समजुतीपर्यंत उतरवून आणावे लागते, हे एक. स्वतः बोलण्यापेक्षा दुसऱ्याचे चांगले भाषण ऐकावे किंवा वाचावे असे वाटते, हे दुसरे. तीच ती प्राथमिक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते, हे तिसरे. ऐकणारा हलत नाही, डोलत नाही, त्याच्या मुखावर काही दिसत नाही, हे चौथे. हातातील आवडते काम टाकून शिकवावयास बसावे लागते, हे पाचवे. आणि दुसऱ्या कोणत्यातरी घटनेने किंवा आपल्याच चुकीने मन आधीच दुःखी झालेले असते, हे सहावे. वाचकहो, ह्या यादीकडे नीट पाहा. सहा कारणांपैकी शिष्याच्या वागणुकीचे कारण एकच, चौथे. बाकीची शिकविणाऱ्याच्या स्वतःच्या घरातील आहेत. तरी म्हण मात्र आपण घड्यावरच रचली.

तिसऱ्या कारणाविषयी त्याचे उत्तर मोठे सुंदर आहे. आपण ज्या गावात वाढलो तेथील नदी, डोंगर, जुनी इमारत ह्यांजवळून आपण रोज जातो आणि मान वर करूनही पाहत नाही. पण परगावचा मित्र प्रथमच आला आणि आपण त्यास ते दाखवू लागलो, म्हणजे त्याच्या नव्या डोळ्यांतील आनंद आपल्या डोळ्यांत येतो, आणि जुने स्थळ आपणास पुन्हा नवे होते. शिकविण्याचेही तसेच आहे, असे तो म्हणतो. मात्र त्यास अट आहे की तो मित्र आपला मित्र असला पाहिजे. ज्याच्याविषयी प्रेम नाही त्याच्या डोळ्यांनी आपणास पाहता येत नाही. बाराखडी तीच असते, बेरीज तीच असते. तीस वर्षे तीच शिकविणाऱ्यास ती शिळी वाटणे साहजिक आहे. परंतु समोरच्या मुलास आज पहिल्यांदाच कळते की 'क' ला काना दिला म्हणजे 'का' होतो. तो क्षण पाहण्याकरिता जो थांबतो, त्यास बाराखडीचा कंटाळा येत नाही.

पहिल्या कारणास तो आईचा दाखला देतो. आई लहान लेकरास घास बारीक करून भरविते. तेच अन्न मोठ्या घासाने स्वतः खाण्यापेक्षा तिला ते भरविणे अधिक गोड लागते. आमच्या घरोघरी हे रोज घडते. भाकरी दुधात कुस्करून भरविताना कोणती आई म्हणाली आहे की ह्या पोराला अख्खी भाकरी चावता येत नाही, म्हणून हे पोर मठ्ठ आहे? तिला दात दिसत नाहीत, म्हणून ती कुस्करते. शिक्षकास मात्र दात नसलेल्या मुखात अख्खी भाकरी कोंबावयाची असते, आणि ती बाहेर पडली की तो मुलास दोष देतो.

परंतु ह्या ग्रंथातील जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शरीराविषयीचा आहे. ऐकणारा थकला आहे असे दिसले तर काहीतरी मनोरंजक सांगून त्यास जागे करावे, आणि त्याहून बरे म्हणजे त्यास बसावयास जागा द्यावी, असे ऑगस्टीन सांगतो. त्या काळी तिकडील मंडळ्यांत लोक उभे राहून ऐकत असत. एक खेडवळ मनुष्य आपले बोलणे चालू असता उठून निघून गेला, आणि त्यावरून आपण हा धडा शिकलो, हे तो मोकळेपणी सांगतो. विचार करा: तो मनुष्य निघून गेला तेव्हा त्यास धर्माची आवड नाही, तो अडाणी आहे, असे म्हणणे किती सोपे होते! परंतु त्याचे पाय दुखत होते. त्यास एक आसन हवे होते.

आमच्या गावांत असे दुखणारे पाय पुष्कळ आहेत. बीड आणि त्याच्या आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांची मुले शाळेच्या ऐन वर्षात आईबापांबरोबर फडावर असतात. परत आल्यावर तीच मुले वर्गात बसतात आणि गुरुजी मागील चार महिन्यांचा धडा विचारतात. जो धडा त्यांनी ऐकलाच नाही, त्यात त्यांचे लक्ष कसे लागावे? जे पोट सकाळपासून रिकामे आहे ते पाढे कसे म्हणेल? म्हणूनच १९९५ साली देशभर शालेय पोषण आहाराची योजना निघाली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्न देण्याचा हुकूम केला. मोठ्या पंडितांस जे कळावयास इतकी वर्षे लागली, ते घरच्या आईला आधीपासून ठाऊक होते: आधी भाकरी, मग अक्षर.

आणि भुकेखेरीज तहानही आहे; तिचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक असावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील शाळेत भीमराव आंबेडकर ह्यांचे नाव दाखल झाले. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे. शिपाई नसला तर पाणीही नसे, असे त्यांनीच पुढे लिहून ठेविले आहे. आता कल्पना करा की एखाद्या पाहुण्या तपासनिसाने त्या वर्गात येऊन कोपऱ्यातील त्या मुलाकडे पाहिले असते. मूल गप्प आहे, हात वर करीत नाही, दाराकडे पाहते. त्याने वहीत काय टिपले असते? मंद, उदासीन, लक्ष नाही. तो दाराकडे पाहतो तो शिपाई आला काय हे पाहावयास, हे त्या वहीत कोठे उतरले असते?

येथे ह्या प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. आपल्या पैकी पुष्कळांचे आजे-पणजे असे होते की अक्षर त्यांच्याकरिता नाही, त्यांच्या डोक्यात ते शिरणारच नाही, असे त्यांस पिढ्यानपिढ्या सांगण्यात आले. १८५६ साली धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला, हे इतिहासात नमूद आहे. त्या काळी दार बाहेरून बंद होते. आज दार उघडे आहे. पटावर नाव आहे. परंतु आतील गुरुजी जर त्याच मुलाच्या नातवाकडे पाहून पालथा घडा म्हणतील, तर जुनेच वाक्य नव्या तोंडाने बोलले गेले. आणि ज्या मुलाने ते एकदा ऐकले, ते त्यास खरे मानू लागते. मग तो घडा खरोखरीच पालथा होतो. आणि पालथा करणारा हात आपलाच असतो.

जोतीराव फुले ह्यांस हे मर्म कळले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात त्यांचे म्हणणे असे की निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांत विद्या पसरविण्यास योग्य नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही. शेतकीचे मूळ ज्ञान शाळेत शिकवावे, आणि शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातील, नांगर धरण्यास न लाजणारे असावेत, असेही त्यांनी सुचविले. गोडी नाही म्हणून लोक अपात्र, असा निष्कर्ष त्यांनी काढिला नाही. गोडी नाही म्हणून ती लावणे हे आपले पहिले काम, असा काढिला. ह्या दोन निष्कर्षांत जे अंतर आहे तेच चांगल्या आणि वाईट शिक्षकांतील अंतर होय.

आणि ज्यांनी हे काम प्रत्यक्ष करून दाखविले त्यांपैकी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांची नावे आपण आदराने घेतली पाहिजेत. १९४५ साली बोर्डी येथे त्यांचे बालशिक्षणाचे केंद्र निघाले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांच्या वस्तीत गेले. तेथील मुले शाळेत येत ना. त्यांस गुरे राखावयाची असत. तेव्हा ह्या बायांनी मुलांस आळशी ठरविले नाही. मुले कुरणात, तर शाळाही कुरणात गेली. म्हणून तिचे नाव कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, शिंपले आणि खडे आले. गुरे चरत राहिली आणि मुले मोजावयास शिकली. घडा पालथा आहे असे दिसताच त्या वाकल्या आणि त्यांनी तो सरळ केला, इतकीच गोष्ट.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की मग सर्व भार शिकविणाऱ्याच्याच माथी काय? शिष्यास काहीच कर्तव्य नाही काय? प्रत्येक धडा खेळ आणि तमाशा करावा, म्हणजे मुले हसतील, पण शिकतील काय? काही विद्या अशा आहेत की त्या कष्टावाचून येत नाहीत. पाढे पाठ करावेच लागतात, शुद्धलेखन गिरवावेच लागते. हा आक्षेप खरा आहे. शिष्याचे कर्तव्य आहेच, आणि ते त्याच्या वयाबरोबर व स्वातंत्र्याबरोबर वाढत जाते. सात वर्षांच्या लेकराकडून आपण जे मागू शकत नाही ते वीस वर्षांच्या तरुणाकडून अवश्य मागावे. आणि जो प्रौढ स्वखुशीने वर्गात आला तो जर रोज मोबाईलवर बोट फिरवीत बसला, तर त्यास प्रेमाने पण स्पष्ट बोलले पाहिजे.

परंतु शिष्य हे कर्तव्य कोणाचे देणे लागतो, हे नीट पाहा. तो अवधान देणे लागतो ते विद्येस, सत्यास, आणि स्वतःच्या उद्याच्या आयुष्यास. शिकविणाऱ्याच्या मानास नव्हे. तो लक्ष देत नाही तेव्हा नुकसान त्याचे होते, अपमान आपला होत नाही. हा भेद ज्यास कळला त्याच्या रागावण्यातही फरक पडतो. जो आपल्या मानाकरिता रागावतो तो मुलास लाजवितो. जो मुलाच्या नुकसानीकरिता रागावतो तो मुलास उठवितो. मुले हा फरक एका शब्दावरून ओळखतात.

छडीविषयीही ह्याच ठिकाणी बोलणे प्राप्त आहे. छडीने स्तब्धता मिळते, आणि स्तब्धतेस आपण अवधान समजतो. ही आपली फसवणूक होय. ऑगस्टीनास लहानपणी शाळेत मार बसत असे आणि ग्रीक भाषेचा त्यास तिटकारा आला; लॅटिन मात्र तो दायांच्या लाडात, हसत्या-खेळत्या माणसांत, भयावाचून शिकला. स्वतःच्या ह्या अनुभवावरून त्याने पुढे लिहिले की भाषा शिकण्यास भीतीच्या सक्तीपेक्षा मोकळ्या जिज्ञासेचे बळ अधिक. आपल्या देशात तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांस शारीरिक शिक्षा करणे व मानसिक छळ करणे ह्यांस मनाई केली आहे, आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. कायदा हाताला आवरतो. जिभेला आवरणे मात्र ज्याचे त्याने करावयाचे; आणि पालथा घडा हा शब्द पुष्कळदा छडीहून खोल लागतो.

शेवटी एक कठीण प्रश्न राहतो. सर्व काही केले: आसन दिले, भूक पाहिली, घास बारीक केला, राग आवरला, पुन्हा पुन्हा नव्याने आरंभ केला, तरी एखादा शिष्य तसाच राहतो. मग काय? येथेही ऑगस्टीनाचा सल्ला थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अशास दयेने सोसावे, जे अगदी अवश्य तेवढेच सांगावे, आणि त्याच्यापुढे देवाविषयी पुष्कळ बोलण्यापेक्षा देवापुढे त्याच्याविषयी अधिक बोलावे. ह्यात निराशा नाही. शिकविणे आपल्या हाती आहे, शिकणे त्याच्या. आणि हे दुसरे आपल्या हाती नाही ह्यातच त्याचे मनुष्यपण आहे. घड्यास पालथे राहण्याची इच्छा नसते. मनुष्यास असू शकते. ज्याचे लक्ष आपण जबरीने खेचून घेऊ शकलो असतो, तो शिष्य नसून यंत्र झाला असता, आणि यंत्रास शिकवून कोणास आनंद होतो?

कोरडवाहू शेती करणाऱ्या आपल्या बांधवांस हे सांगावयास नको. पेरणी फुकट गेली तर शेतकरी भुईला शिव्या देत बसत नाही. ओल किती खोल होती, वाफसा आला होता काय, बी किडके होते काय, पाभर फार खोल गेली काय, हे तो पाहतो; जे आपल्या हातचे होते ते सुधारितो; आणि पाऊस आपल्या हातचा नव्हता हे जाणून पुढच्या मृगाची वाट पाहतो. तो दुःखी असतो, पण त्याचे दुःख त्यास बांधावर बसवून ठेवीत नाही. शिकविणाऱ्याच्या दुःखाचीही हीच परीक्षा आहे: ते आपणास उद्याच्या धड्याकडे नेते, की आजच्या तक्रारीपाशी बसवून ठेविते?

म्हणून जे कोणी आपल्या गावांत हे थोर आणि थकविणारे काम करीत आहेत, त्यांस आमची नम्र विनंती इतकीच आहे. उद्या वर्गात जाण्यापूर्वी जो एक मुलगा किंवा मुलगी सर्वांत उदासीन बसते तिचे घर एकदा पाहून या. ती सकाळी काय खाऊन येते, पाणी किती लांबून आणते, धाकटे भावंड कोण सांभाळते, हे विचारा. मग तिला अगदी लहान, तिला नक्की येईल असा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर आले की ते सर्वांसमोर मान्य करा. देओग्राशियसास वाटत होते त्याहून त्याचे बोलणे पुष्कळ बरे होते, आपलेही असेल. ज्या दिवशी ती म्हण ओठांवर येईल, त्या दिवशी ती गिळून टाका, आणि घडा हाती घेऊन आधी पाहा की तो पालथा आहे, की त्यास कोठे चीर गेली आहे, की तो आधीच कोणत्यातरी दुःखाने काठोकाठ भरलेला आहे. तिन्हींस उपाय निरनिराळे आहेत. आणि ते शोधणे हे शिकविण्याच्या कामाबाहेरचे नव्हे, तेच शिकविण्याचे काम होय.